गॅलरीतल्या ख्रिसमस ट्रीवरचा सोंडकिडा आणि पाइनच्या परागावर जगणारी जुनी घराणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एका ताईंच्या गॅलरीत कुंडीत लावलेलं ‘ख्रिसमस ट्री’ आहे. काही आठवड्यांपासून त्याच्या फांद्यांवर पुढे सोंड असलेले बारीक तपकिरी किडे दिसतायत. त्यांची लेक प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने वाचलं की सोंडकिड्यांमधली सगळ्यांत जुनी घराणी सूचिपर्णी झाडांवर राहतात, आणि ख्रिसमस ट्री तर सूचिपर्णीच. मग हे तेच किडे का? झाडावर फवारणी करावी का? आणि लेकीला यावर प्रोजेक्ट करता येईल का? सोबत मोबाइलवर काढलेले फोटो आहेत, त्यातला एक चांगलाच स्पष्ट आलाय.

ताई, तुमच्या झाडावरचे किडे झाडाचे नाहीत, तांदळाचे आहेत. आपण ज्यांना टोके किंवा पोरकिडे म्हणतो तेच, सायटोफिलस ओरायझी. स्पष्ट आलेला फोटो मोठा करून पाहा. पाठीवरच्या दोन्ही झाकणांवर मिळून चार फिकट नारिंगी ठिपके दिसतील, दोन खांद्यापाशी आणि दोन मागे. मानेमागच्या भागावर सुईने टोचल्यासारखे दाट गोल खड्डे आहेत. मिशा मध्येच काटकोनात वळलेल्या आहेत. एवढ्यावर ओळख पक्की होते. (मक्यावरचा सायटोफिलस झीमेज हुबेहूब असाच दिसतो. दोघांची खात्रीने फोड करायची तर पोट उघडून बघावं लागतं. तुमच्या कामापुरता तो फरक सोडून द्या.)

ते झाडावर कसे आले? तुम्हीच लिहिलंय की गावचा तांदूळ गोणीतच ठेवलाय आणि गोणी गॅलरीच्या दाराशी आहे. हे किडे धान्यातून बाहेर पडले की वर चढत सुटतात, शिवाय त्यांना उडताही येतं. दाराजवळ पहिली उभी वस्तू कुंडीतलं झाड, म्हणून ते झाडावर. तिथे ते काही खात नाहीत. तेव्हा फवारणीचा प्रश्न इथेच मिटला: झाडावर काहीही मारू नका. तांदूळ चाळा, कडक उन्हात पातळ पसरा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. थोडाच असेल तर पिशव्या करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. दाण्याच्या आत अळ्या असतात, त्या चाळणीने जात नाहीत. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते. म्हणून आज चाळून स्वच्छ दिसलेला तांदूळ महिन्याभराने पुन्हा चालायला लागतो आणि घरात दुकानदाराच्या नावाने खडे फुटतात.

आता लेकीचा प्रश्न. तिने वाचलेलं बरोबर आहे, फक्त ते तुमच्या कुंडीला लागू होत नाही. गोदामातल्या मालाचे किडे ओळखून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. सोंडकिडे मी पोटासाठी पाहिले आणि नंतर आवडीनेही पाहिले, म्हणून जरा पसरून लिहितो.

सोंडकिड्यांच्या वर्णन झालेल्या जाती सुमारे ६२,००० आहेत. त्यातल्या ५०,०००हून जास्त एकाच कुळात, कर्क्युलिओनिडीत, येतात. तुमचा टोका त्यातलाच. उरलेल्या लहान कुळांमध्ये काही फार जुन्या फांद्या आहेत. निमोनिकिडी हे त्यातलं सगळ्यांत जास्त चर्चेतलं कूळ. कझाकस्तानात कराताउ नावाच्या डोंगररांगेत ज्युरासिक काळातल्या तळ्याचा गाळ दगड होऊन राहिलाय. त्यात या जातकुळीचे सोंडकिडे दाबून बसलेले सापडले. ते साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा खडक साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे ज्या लाव्हावर आपली मुंबई बसली आहे तो वाहायला लागण्याच्या कितीतरी आधी हे किडे सोंडा रोखून फिरत होते. त्या काळी फुलझाडांचं राज्य आलेलं नव्हतं. जंगल होतं ते सूचिपर्णी, सायकस आणि नेच्यांचं. किड्याला जे मिळत होतं ते त्याने खाल्लं.

काय खाल्लं, हे कळीचं आहे. ‘सूचिपर्णी झाडावर राहतात’ एवढंच वाचलं की डोळ्यांसमोर खोड पोखरणारा, नाहीतर सुया कुरतडणारा किडा येतो. हे तसले नव्हेत. ते परागावर जगतात. पाइनच्या नव्या फुटव्याच्या बुडाशी वसंतात बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे नर शंकू घोसाने येतात. काही आठवडे ते पिवळ्या पुडीने गच्च भरलेले असतात, मग पूड उडून जाते, शंकू वाळतात आणि गळतात. या एवढ्याशा काळात किड्याचं सगळं उरकावं लागतं. प्रौढ किडे जमिनीतून वर येतात, शंकूंवर जमतात, मीलन करतात, मादी तिथेच अंडी घालते. अळ्या शंकूच्या खवल्यांमध्ये फिरत पराग खातात आणि शंकू गळण्याच्या सुमारास जमिनीत उतरून कोष करतात. वर्षातले बाकीचे महिने किडा मातीत. म्हणून चुकीच्या महिन्यात गेलात तर पाइनचं अख्खं जंगल पालथं घालूनही एक किडा मिळत नाही.

परागाचं खाणं किड्याच्या दृष्टीने चांगलं. त्यात प्रथिनं भरपूर, आणि झाड तो इतका उधळतं की किड्याने खाल्लेला हिशेबातही येत नाही. वाऱ्यावर परागण करणाऱ्या झाडाला पराग वाया घालवावाच लागतो. त्यामुळे या किड्यांना कीड म्हणण्यात अर्थ नाही. वनखात्याच्या उपद्रवी किड्यांच्या यादीत ते नसतात, फवारणीच्या पत्रकात नसतात, आणि म्हणून त्यांच्याकडे कोणाचं फारसं लक्षही जात नाही. पैशाचं नुकसान करणाऱ्या किड्याचंच नाव सगळ्यांना ठाऊक असतं, हे मी गोदामात रोज पाहिलंय.

उत्तर गोलार्धात, म्हणजे युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या काही भागांत, हे काम सिम्बेरिस आणि डॉयडिरिंकस या प्रजाती करतात. युरोपातल्या स्कॉट्स पाइनवरचा सिम्बेरिस अटेलाबॉइडीज त्यातला सगळ्यांत परिचित: गडद रंगाचा, अंगभर बारीक लव, लांबी पाच मिलिमीटरच्या आतबाहेर. दक्षिण गोलार्धातल्या भावंडांची झाडं वेगळी. चिली, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया इथे आरौकारिया, न्यूझीलंडमध्ये पोडोकार्प जातीची झाडं. चिलीच्या आरौकारियाचे नर शंकू पाइनसारखे इवलेसे नसतात, चांगले बोटभर लांब आणि जाड असतात. त्यांच्यावर मेकोमेसर नावाची प्रजाती मिळते. हा दक्षिणेकडचा पसारा नीट लावला तो मुख्यतः विली कुशेल यांनी (१९१८–२०१७). चिलीत जन्मले, तिथे काम केलं, मग न्यूझीलंडला गेले आणि शेवटपर्यंत सोंडकिडेच पाहत राहिले. १९९५ साली त्यांनी सोंडकिड्यांच्या कुळांची जी नवी मांडणी केली, तिच्यावर आजही वाद घालावा लागतो. वर्गीकरणात याहून मोठी पावती नाही.

तुमच्या गॅलरीतलं झाडही आरौकारियाच, त्यामुळे लेकीचा तर्क अगदीच हवेत नव्हता. मुंबईच्या नर्सऱ्यांमध्ये ख्रिसमस ट्री म्हणून जे विकतात ते बहुतेक नॉरफोक बेटावरचं आरौकारिया हेटेरोफिला किंवा न्यू कॅलेडोनियातलं आरौकारिया कॉलम्नारिस असतं. (या दुसऱ्याची गंमत म्हणजे ते विषुववृत्ताच्या दिशेने कलतं. २०१७ साली पाच खंडांवरची झाडं मोजून हे दाखवलं गेलं. आपण उत्तर गोलार्धात, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला झुकायला हवं. रस्त्याने जाताना उंच झाड दिसलं तर बघा.) पण झाड आरौकारियाचं असणं पुरत नाही. लागतो तो नर शंकू, आणि कुंडीतलं झाड त्या वयाला येत नाही. शंकू नाही तर पराग नाही, पराग नाही तर अळीला अन्न नाही. वर ते नर्सरीत वाढलेलं रोप. त्याच्या मुळांत त्याच्या मूळ बेटावरची माती नाही, आणि कोषातला किडा असतो तो मातीत.

आपल्याकडे हे किडे पोहोचायला दुसरी वाटही जवळजवळ नाही. महाराष्ट्रात नैसर्गिकपणे उगवणारं एकही सूचिपर्णी झाड नाही. अख्ख्या दक्षिण भारतात मूळचं असं एकच, नाजेया वॉलिचियाना, तेही पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या ओल्या जंगलात. पूर्वी तशी स्थिती नव्हती. डेक्कन ट्रॅपच्या लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात, छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानसारख्या ठिकाणी, सूचिपर्णी झाडांच्या शंकूंचे जीवाश्म मिळालेत. झाडं होती, गेली.

इथे एक गल्लत नेहमी होते आणि माझ्याकडे येणाऱ्या मालवाल्यांचीही होते. परदेशातून पाइनच्या लाकडाच्या पेट्या आणि पॅलेट येतात. न्हावाशेव्याला कंटेनर उघडल्यावर लाकडात बारीक भोकं आणि भुसा दिसला की कोणीतरी म्हणतं, ‘सर, पाइनचा किडा.’ तो बहुधा सालीखालचा भुंगेरा असतो. आता हे सालीखालचे भुंगेरेसुद्धा वर्गीकरणाने सोंडकिडेच, कर्क्युलिओनिडीतलं एक उपकूळ. पाइनवर, देवदारावर ते मोठं नुकसान करतात. पण ते जुने नाहीत. ते अर्वाचीन फांदीवरचे आहेत आणि त्यातले कित्येक फिरून सूचिपर्णीवर गेलेत. म्हणजे सूचिपर्णी झाडावर आहे म्हणून जुना, असं ठरत नाही. उलटही ठरत नाही: निमोनिक्स लेप्टुरॉइडीज हा ज्याच्यावरून कुळाला नाव मिळालं तोच किडा युरोपात लार्कस्परसारख्या फुलझाडावर वाढतो. दक्षिणेतल्या त्याच्या काही नातेवाइकांनी नोथोफॅगस हे रुंद पानांचं झाड धरलंय. (लाकडाच्या पेट्यांचं म्हणाल तर, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं राहील अशी उष्णता किंवा दुसरा मान्य उपचार (उदाहरणार्थ, मिथाइल ब्रोमाइडची धुरी) देऊन शिक्का मारलेलंच लाकूड चालतं. परागावर जगणारा किडा लाकडात शिरतच नाही, त्यामुळे तो या वाटेने यायचा प्रश्न नाही.)

मग जुना कोण हे कशावरून ठरवायचं? यजमान झाड हा दुय्यम पुरावा. पहिला पुरावा तोंड आणि मिशा.

टोक्याची सोंड भिंगाखाली धरलीत तर टोकाला जबड्याची जोडी दिसेल, पण त्यावर वेगळा, हलणारा वरचा ओठ दिसणार नाही. बहुतेक सोंडकिड्यांत तो जुळून गेलेला असतो. निमोनिकिडीत तो सुटा असतो, जबड्यांवर झापेसारखा. जबड्यांच्या बाजूला असणाऱ्या, अन्न चाचपायच्या ज्या लहान काड्या, त्या टोक्यात आखूड आणि ताठ, तर निमोनिकिडीत लांब आणि लवचिक. टोक्याच्या मिशांना कोपर आहे: पहिला भाग लांब, मग वळण. निमोनिकिडीच्या मिशा सरळ. सुटा ओठ आणि सरळ मिशा हे सर्वसाधारण भुंगेऱ्यांचं लक्षण. या किड्यांनी सोंड कमावली पण तोंडाची जुनी ठेवण सोडली नाही. ‘आदिम’ म्हणायचं ते एवढ्यापुरतंच. बाकी तो किडा आजचाच, आजच्या पाइनशी आजच्या ऋतूंप्रमाणे जुळवून घेतलेला. तो मागे राहिलाय असं लेकीने तोंडी परीक्षेत म्हटलं तर परीक्षक तिला धरतील, आणि बरोबरच करतील.

डीएनए आल्यावर यातही उलथापालथ झाली. २०१८ साली ५२२ जनुकं वापरून सोंडकिड्यांच्या सगळ्या कुळांचा वंशवृक्ष काढला गेला. त्यात दिसलं की ज्याला आपण निमोनिकिडी म्हणून एकत्र बांधत होतो ते एका मुळाचं नाही. उत्तरेकडचे सिम्बेरिसवाले वेगळे निघाले आणि उरलेल्या सगळ्या सोंडकिड्यांच्या विरुद्ध बाजूला एकटे जाऊन बसले. त्यांना सिम्बेरिडिडी असं स्वतंत्र कूळ मिळालं. जुन्या पुस्तकांत अर्थात अजून जुनीच मांडणी आहे, तेव्हा लेकीने कुठलं नाव कुठल्या अर्थाने वापरलंय ते प्रोजेक्टच्या सुरुवातीला एका ओळीत लिहावं.

आणखी एक प्रसिद्ध मुद्दा तिला भेटेल. १९९८ मध्ये ब्रायन फॅरेल यांनी पानं खाणारे भुंगेरे आणि सोंडकिडे मिळून सव्वा लाखाहून जास्त जाती का झाल्या याचं उत्तर मांडलं: जुन्या फांद्या सूचिपर्णी आणि सायकसवर राहिल्या, त्या लहान राहिल्या. ज्या फुलझाडांवर गेल्या त्या फोफावल्या. ढोबळ चित्र म्हणून मला ते पटतं. पण २०१८च्या वृक्षात एक बारकावा आहे जो मला जास्त आवडतो. कर्क्युलिओनिडी फुलझाडांबरोबर वाढले ते आधी एकदल झाडांवर, म्हणजे माड, केळ, गवत या बाजूला, आणि मग बाकीच्यांवर. तुमचा टोका याच एकदलवाल्या शाखेतला. अलिबाग-वसईच्या वाड्यांत माड पोखरणारा लाल सोंड्या भुंगा आणि केळीच्या कंदातला सोंडकिडा हे त्याचे जवळचे नातलग. तांदळाचा दाणा म्हणजे शेवटी गवताचंच बी. टोक्याने परंपरा मोडलेली नाही.

सायकसचा उल्लेख आला म्हणून थोडं. बेलिडी हे आणखी एक जुनं कूळ. मुंबईच्या बागांतून, सोसायट्यांच्या प्रवेशदारांपाशी ‘कार्डबोर्ड पाम’ नावाने जाड, तपकिरी लव असलेल्या पानांचं झाड लावतात ना, ते मेक्सिकोचं झामिया, सायकसच्या जवळचं. त्याच्या मूळ प्रदेशात रोपालोट्रिया नावाचे बेलिड सोंडकिडे त्याच्या नर शंकूत वाढतात, शंकूचा पिष्टमय गर खातात, आणि मादी शंकूकडे जाताना पराग घेऊन जातात. १९८६ साली हे प्रयोगातून दाखवलं गेलं, तोवर असली झाडं वाऱ्यावरच परागित होतात असा समज घट्ट होता. आपल्या बागेत झाड आहे, त्याचा किडा नाही. कॅरिडी हे तिसरं, अगदी मोजक्या जातींचं कूळ. ते सायप्रसच्या घराण्यातल्या झाडांच्या शंकूंवर, ऑस्ट्रेलियात आणि चिलीत. मोरपंखी त्याच घराण्यातली म्हणून लगेच शेजाऱ्यांची मोरपंखी झटकायला जाऊ नका.

आता प्रोजेक्ट. मुंबईत बसून निमोनिकिडी मिळणार नाहीत, पण त्यांच्या सख्ख्या शेजारच्या फांदीवरचा किडा मिळतो, आणि तो झाडावर नाही, बाजारात मिळतो.

मस्जिद बंदरला मसाल्याच्या गोदामात सुंठेची जुनी गोणी उघडा. जायफळ, हळकुंडं, कॉफीच्या बिया चालतील, पण सुंठेत तो हमखास. तुकड्यांवर गोल, स्वच्छ कडांची भोकं असतात आणि गोणीच्या तळाशी पिठासारखी भुकटी. एक तुकडा पांढऱ्या कागदावर आपटा. करडा-तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची लव असलेला, तीन ते पाच मिलिमीटरचा, गुबगुबीत किडा पडेल. पडल्याबरोबर तो पळतो, आणि बोट जवळ नेलंत तर टुणकन उडी मारतो. टोका असा कधीच वागत नाही. त्याला हात लावला की तो पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. हा अरेसेरस फॅसिक्युलेटस. व्यापारात त्याला कॉफी बीन वीव्हिल म्हणतात. सोंड म्हणावी असं काही चटकन दिसत नाही, तोंड पुढे आलेलं, रुंद आणि आखूड. पाठीची झाकणं शेपटीपर्यंत पोहोचत नाहीत, मागे त्रिकोणी टोक उघडं राहतं. आता दहापट भिंग लावा. मिशा सरळ, कोपर नाही, टोकाला तीन मण्यांचा सैलसर गुच्छ. आणि जबड्यांवर सुटा वरचा ओठ. हे अँथ्रिबिडी कूळ. २०१८च्या वृक्षात सिम्बेरिस वेगळे काढल्यावर जे निमोनिकिडी उरतात, त्यांचं हे भावंड कूळ. त्याचे बहुतेक नातलग जंगलात बुरशी लागलेल्या मेलेल्या लाकडावर असतात. हा एक तेवढा वाळवलेल्या मालात शिरला आणि जहाजांनी जगभर गेला.

मी गोदामात शिकाऊ मुलांना नेहमी टोका आणि हा, दोन्ही एका काचेच्या पट्टीवर शेजारी ठेवून दाखवतो. एकदा मिशीचं कोपर आणि वरचा ओठ डोळ्यात बसला की पुढचं आयुष्यभर विसरत नाही, मालाचं बिल कुठल्या किड्याच्या नावाने फाडायचं तेही कळतं. दोघांचे उपाय वेगळे आहेत, कारण सुंठेचा किडा दमट मालातच जोर धरतो. माल कोरडा केला की अर्धं काम होतं.

लेकीने यात आणखी दोन फांद्या जोडाव्यात. पहिली रताळ्याची. उपवासाच्या सुमारास भाजीवाल्याकडे टाकून दिलेली, भोकं पडलेली रताळी मागून घ्या. कोणी नाही म्हणत नाही. त्यातून सायलस फॉर्मिकेरियस निघेल, लांबट, मुंगीसारखा, निळसर काळा, छाती आणि पाय तांबडे. हा ब्रेंटिडी कुळातला: मिशा सरळ पण वरचा सुटा ओठ गेलेला. म्हणजे एक जुनं लक्षण आहे, एक नाही. दुसरी फांदी पावसाळ्यातली. रस्त्याकडेच्या देशी बदामाच्या किंवा आंब्याच्या कोवळ्या पानांची टोकं कातरून सुबक गुंडाळी केलेली दिसते. ती अपोडेरस या पानं गुंडाळणाऱ्या सोंडकिड्याच्या मादीची कामगिरी, आत एक अंडं असतं. कूळ अटेलाबिडी, मिशा पुन्हा सरळ. गुंडाळी उलगडायची असेल तर ओल्या टिश्यूत थोडा वेळ ठेवून मगच उलगडा, कोरडी लगेच फाटते. टोका, सुंठेचा, रताळ्याचा आणि पानाचा, अशी चार कुळं झाली. सोसायटीतल्या जास्वंदीची पानं कडेने कातरणारा राखाडी मायलोसेरस घेतला तर कर्क्युलिओनिडीतच आखूड सोंडेचा नमुनाही मिळतो. सोंडेची लांबी हे जुनेपणाचं माप नाही, हे त्याच्यावरून सहज दाखवता येतं.

नॅशनल पार्कमधून किंवा कुठल्याही संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय काही उचलू नका. बाजार आणि सोसायटी पुरेशी आहे. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, पण ओठ आणि मिशा बघायच्या असतील तर एकेक कोरडा, त्रिकोणी कागदाच्या टोकावर चिकटवलेलाही ठेवा. ओल्या नमुन्याची लव अंगाला चिकटते आणि रंग कळत नाही. किडा मारायला फ्रीझर उत्तम, एक रात्र पुरते.

तिची उत्तरेकडे अभ्याससहल जायची आहे असं तुम्ही लिहिलंय. देहरादूनला गेली तर वनसंशोधन संस्थेतला कीटकसंग्रह बघावा. ती १९०६ सालची संस्था आहे, आणि सूचिपर्णी झाडांच्या किड्यांचा इतका जुना साठा देशात दुसरीकडे क्वचितच. सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर खालच्या उतारांवर चीड पाइनचे नर शंकू भरात असतात. रीतसर परवानगी असेल तर उलटी छत्री फांदीखाली धरून काठीने फांदी हलकी ठोकायची, छत्रीत काय पडतं ते बघायचं. सोंडकिडे पडोत न पडोत, पराग खाणाऱ्या किड्यांची सगळी वस्ती त्यात दिसते. न उमललेले शंकू कागदी पिशवीत आणायचे. प्लास्टिकमध्ये आणले तर दुसऱ्या दिवशी बुरशी. घरी ओलसर वाळू घातलेल्या बरणीवर जाळी ठेवून त्यावर शंकू पसरले की अळ्या जाळीतून खाली वाळूत उतरतात. वाळू पूर्ण वाळू द्यायची नाही आणि भिजवायचीही नाही. प्रौढ बाहेर यायला पुढचा वसंत उजाडू शकतो, तेव्हा बरणी घरात कोणी ‘नुसती माती’ म्हणून ओतून देणार नाही अशा जागी ठेवा.

प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि कशातून मिळाला ते लिहाच: ‘सुंठ, गोणीचा तळ, मस्जिद बंदर’ असं. नुसतं ‘मुंबई’ लिहिलेला नमुना मी तरी ओळखायला घेत नाही. सुंठेतला किडा मिळाला की भिंगातून काढलेला तोंडाचा फोटो पाठवा, बाजूने नको, समोरून. ओठ समोरूनच दिसतो.